नॅशनल सर्किट रेसिंगचा सीझन: नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या गराजांतून, सिडकोतून, सिन्नर आणि ओझरहून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक जण डर्टवरून, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरून, डांबरी ट्रॅककडे वळू पाहणारे रायडर असतात, काही त्यांचे मेकॅनिक आणि बरेचसे आई-वडील. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. दुसऱ्या उत्तराचा संबंध आला तर त्याचा क्रमांक दिला आहे. नियम दर सीझनला थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षाचं नियमपत्रक छापून गराजच्या भिंतीवर लावा आणि इथलं काहीही करण्याआधी त्याच्याशी ताडून पाहा.

१. नॅशनल चॅम्पियनशिप म्हणजे नक्की काय? ती कोण भरवतं?

इंडियन नॅशनल मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिप ही भारतातली सर्किट रेसिंगची राष्ट्रीय स्पर्धा. मान्यता, लायसन्स आणि नियम एफएमएससीआयचे, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचे. ही संस्था आंतरराष्ट्रीय पातळीवर एफआयएम या मोटरसायकल महासंघाशी संलग्न आहे. प्रत्यक्ष आयोजनात चेन्नईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब वर्षानुवर्षं पुढे आहे. सीझनमध्ये काही राउंड असतात, प्रत्येक राउंड एका वीकेंडचा, आणि सगळ्या राउंडचे पॉइंट मिळवून त्या-त्या क्लासचा चॅम्पियन ठरतो. त्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर कंपन्यांच्या वन-मेक (सगळ्यांना एकाच कंपनीची सारखीच गाडी) रेसही होतात, पण ती वेगळी विजेतेपदं आहेत. त्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

२. रेस कुठे होतात? महाराष्ट्रात का नाहीत?

मुख्य ठिकाण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. लांबी ३.७१७ किमी, १२ वळणं. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या रेस संपल्या आणि १९९० पासून हा ट्रॅक सुरू झाला. दुसरं ठिकाण कोयंबतूरजवळ चेट्टिपालयमचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किमी. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक लहान आणि आखूड सरळ पट्ट्यांचा आहे. तिसरं ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किमी, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली.

आपल्याकडे डर्टसाठी माती ओढून ट्रॅक उभा करता येतो, पुन्हा मोडता येतो. डांबरी सर्किटला कायमची जागा लागते, पडलेल्या रायडरला घसरत जायला मोकळं मैदान लागतं, मेडिकल सेंटर लागतं आणि वर फेडरेशनची मंजुरी. म्हणून नाशिकच्या रायडरला दक्षिणेत जाणं आलंच.

३. मी नाशिकला सुपरक्रॉस चालवतो. त्याचा सर्किटवर उपयोग होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. मागचं चाक सटकलं तरी तुम्ही घाबरत नाही, सुरुवातीला क्लच नेमका सोडता येतो, गर्दीत घुसायची भीती गेलेली असते. हे तिन्ही गुण डांबरावर जन्मलेल्या रायडरला शिकायला एक सीझन जातो.

मोडाव्या लागणाऱ्या सवयीही तीनच. पाय बाहेर काढणं पहिली. दुसरी, स्वतः सरळ बसून गाडी खाली दाबणं. सर्किटवर उलट करायचं असतं: अंग आतल्या बाजूला काढायचं आणि गाडी शक्य तितकी उभी ठेवायची, म्हणजे टायरचा जास्त भाग जमिनीला लागतो. तिसरी आणि सगळ्यात महागडी सवय म्हणजे वळणात शिरेपर्यंत जोरात ब्रेक धरून ठेवणं. मातीच्या बर्ममध्ये (वळणाच्या कडेचा उंचवटा) मागे भिंत असते, डांबरावर नसते. तिथे गाडी झुकवलेली असताना पुढचा ब्रेक झटक्याने दाबला की पुढचं चाक निसटतं, आणि पुढचं चाक निसटल्यावर सावरायला वेळ मिळत नाही.

४. सुरुवात कोणत्या क्लासमधून करावी?

नोव्हिस. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, १६५ सीसीपर्यंतची गाडी, नवे रायडर. मुलींसाठी त्याच क्षमतेचा वेगळा क्लास असतो. त्याच्या वर प्रो-स्टॉक १६५ सीसी ओपन, जिथे इंजिनवर बरंच काम करायला परवानगी असते, आणि सगळ्यात वर प्रो-स्टॉक ३०१ ते ४०० सीसी ओपन.

ओपनमध्ये कंपन्यांच्या फॅक्टरी टीम आणि अनेक वेळचे राष्ट्रीय चॅम्पियन उतरतात. घरी ३९० सीसीची गाडी आहे म्हणून थेट तिथे नाव घालणं चूक आहे. लहान गाडीवर वेग टिकवायला शिकतो तोच मोठ्या गाडीवर टिकतो, कारण १६५ सीसीत वळणात घालवलेला वेग सरळ पट्ट्यावर परत मिळत नाही.

५. स्वतःची गाडी न्यावी की वन-मेक रेसमध्ये कंपनीची घ्यावी?

पहिल्या सीझनला, निवड झाली तर, वन-मेक. टीव्हीएसची अपाचेंवरची स्पर्धा किंवा रॉयल एनफिल्डचा २०२१ मध्ये सुरू झालेला कॉन्टिनेंटल जीटी कप, अशा स्पर्धांत गाडी आयोजक देतात, तिची निगा तेच राखतात, सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात. तुम्ही सूट, हेल्मेट आणि लायसन्स घेऊन जायचं. त्यासाठी निवड चाचणी असते आणि चाचणीत बघतात ते लॅप टाइम आणि शिस्त. गाडी आपटली तर नुकसानभरपाई कोणी भरायची हे प्रवेश अर्जातच लिहिलेलं असतं, सही करण्यापूर्वी तो परिच्छेद वाचा.

स्वतःच्या गाडीचा फायदा एकच, पण मोठा: तुम्ही आणि तुमचा मेकॅनिक गाडी उघडून शिकता. अंबडमध्ये ओळखीचं वर्कशॉप असेल आणि हातात वर्ष असेल तर तो रस्ताही चांगला.

६. मुलगा चौदा वर्षांचा आहे. पाठवावं का?

बंद ट्रॅकवर आरटीओचं नव्हे, फेडरेशनचं लायसन्स चालतं. त्यामुळे अठराच्या आतले रायडर पालकांच्या लेखी संमतीने उतरतात. प्रत्येक क्लासची किमान वयोमर्यादा त्या वर्षाच्या नियमपत्रकात असते.

मात्र पालकांनी एक गोष्ट स्पष्ट जाणून सही करावी. ऑगस्ट २०२३ मध्ये याच राष्ट्रीय स्पर्धेत, मद्रास सर्किटवर, १३ वर्षांच्या एका अत्यंत गुणी रायडरचा रेसमध्ये पडून मृत्यू झाला. सर्वात चांगला सूट घातला तरी मागून येणाऱ्या गाडीपासून तो वाचवू शकत नाही. मुलाला स्वतःहून जायचं आहे का, ट्रेनरच्या मते तो तयार आहे का, झेंडे पाठ आहेत का आणि पडल्यावर काय करायचं हे अंगात मुरलंय का, या चारही प्रश्नांचं उत्तर हो असेल तरच. एकही डळमळीत असेल तर आणखी एक वर्ष थांबा. कुणाचं काही बिघडत नाही.

७. लायसन्स कसं काढायचं?

आधी फेडरेशनने मान्य केलेल्या शाळेत ट्रेनिंग. चेन्नई आणि कोयंबतूरच्या ट्रॅकवर अशा शाळा आहेत, दोन-तीन दिवसांचे कोर्स असतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मग फेडरेशनच्या संकेतस्थळावर अर्ज: फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, रक्तगट, डॉक्टरने भरलेला मेडिकल फॉर्म, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, आणि अठराच्या आत असाल तर पालकांचं संमतीपत्र.

अडकतं ते नेहमी मेडिकल फॉर्मवर. डॉक्टरांचा शिक्का असतो पण नोंदणी क्रमांक नसतो, किंवा नजर तपासणीचा रकाना रिकामा सोडलेला असतो. लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतं असतं, ३१ डिसेंबरला संपतं. अर्ज पहिल्या राउंडच्या आदल्या आठवड्यात नाही, निदान महिनाभर आधी करा. आणि कोणत्या प्रकारच्या स्पर्धेसाठी लायसन्स हवंय तो रकाना नीट बघा. डर्टसाठी काढलेल्या लायसन्सवर सर्किटला प्रवेश मिळेलच असं धरू नका.

८. नाशिकमध्ये सराव कुठे करायचा? पहाटे त्र्यंबक रस्ता मोकळा असतो.

मोकळा असला तरी तो रस्ता आहे. कुत्रं, दुधाची गाडी, भाजीचा टेम्पो, काहीही समोर येऊ शकतं. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. कसारा घाटात गुडघा टेकवून काढलेले फोटो कोणत्याही टीमला प्रभावित करत नाहीत.

शहरात राहून करता येतं ते हे: डर्टवर आठवड्यातून दोनदा चालवा, हात आणि नजर तयार राहते. लहान गो-कार्टिंग ट्रॅकवर १०० ते १५० सीसीची गाडी चालवायला परवानगी मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. कोल्हापूरचा मोहिते कार्टिंग ट्रॅक चेन्नईला जाणाऱ्या वाटेवरच (प्रश्न १५) पडतो, तिथे दुचाकीसाठी वेळ मिळतो का ते आधी फोन करून विचारा. दमासाठी सायकल. नाशिकला सायकलची संस्कृती मोठी आहे. इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. गंगापूर धरणाकडे दीड तास एका लयीत पायडल मारणं रायडरसाठी जिमपेक्षा उपयोगी आहे, कारण चेन्नईच्या दमट उन्हात लेदर सूट घालून नाडीचे ठोके खाली येतच नाहीत.

९. सूट, हेल्मेट, बूट यांत कुठे पैसे वाचवता येतील?

हेल्मेटमध्ये अजिबात नाही. फुल-फेस, डबल डी-रिंगचा पट्टा असलेलं आणि नियमपत्रकात दिलेल्या मानकाचं, सहसा ईसीई २२.०६ किंवा एफआयएम मान्यतेचं. फक्त आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटवर तपासणी पास होईल असं समजू नका. जुनं हेल्मेट विकत घेऊ नका, ते आतून कुठे चेचलंय ते दिसत नाही.

सूट एकसंध लेदरचा हवा. दोन भागांचा चालत असेल तर कमरेला पूर्ण गोल झिप हवी. वापरलेला चांगला सूट घ्यायला हरकत नाही, पण खांदा, कोपर, नितंब आणि गुडघ्याची शिवण आतून उलटी करून बघा. दोरा उसवलेला असेल तर तो घसरताना फाटणारच. पाठीचं प्रोटेक्टर ईएन १६२१-२ आणि छातीचं ईएन १६२१-३. ग्लोव्ह मनगट झाकणारे, बूट घोट्याच्या वर. खरंच पैसे वाचतात ते गुडघ्याच्या स्लायडरवर.

१०. तपासणीत गाडी नापास का होते?

वेगामुळे नाही, इंजिनमुळे नाही. नव्या टीमच्या गाड्या जवळजवळ नेहमी बारीकसारीक गोष्टींवर अडतात, आणि त्या सगळ्या नाशिकमध्ये दोन संध्याकाळी करून होण्यासारख्या असतात.

आधी काय काढायचं: हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, नंबर प्लेट, साइड स्टँड, मेन स्टँड, मागचे फूटपेग, साडी गार्ड. ब्रेक आणि क्लच लिव्हरच्या टोकाला गोळा शाबूत हवा. पडल्यावर तुटून टोकदार झालेला लिव्हर चालत नाही. हँडलची टोकं बंद. थ्रॉटल सोडताच स्वतःहून पूर्ण मिटला पाहिजे, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलेलं असतानाही. केबल आखूड असेल तर एका बाजूला वळवल्यावर आरपीएम वर जातो, तपासणारा नेमकं तेच करून बघतो. चेन जिथे मागच्या स्प्रॉकेटवर खालून शिरते तिथे बोट जाणार नाही अशी आडवी पट्टी (शार्क फिन) लावा. इंजिनच्या ब्रीदरची नळी डब्यात सोडा, उघडी नको.

आता लॉकवायर. ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरण्याचं झाकण, ऑइल फिल्टरचं कव्हर, कॅलिपरचे बोल्ट, हे सगळे तारेने बांधलेले हवेत. बोल्टच्या डोक्याला १.५ मिमीचं भोक, त्यातून ०.७ ते ०.८ मिमीची स्टेनलेस तार, पीळ घालून जवळच्या पक्क्या जागी बांधायची. तार ओढते ती दिशा बोल्ट आवळण्याचीच हवी. उलटी बांधली तर तार असून नसल्यासारखी, आणि तपासणारा ते एका नजरेत ओळखतो.

भोक पाडताना ड्रिल तुटतं, तुटका तुकडा बोल्टमध्ये अडकतो आणि नवा बोल्ट शोधत फिरावं लागतं. हँड ड्रिलने करू नका. बोल्ट बेंच व्हाइसमध्ये धरा, सपाट बाजूवर कोपऱ्यापासून दोन-तीन मिमी आत सेंटर पंच मारा, आणि शेजारच्या सपाट बाजूला निघेल असं तिरपं भोक घ्या. बोल्टच्या मध्यातून आरपार जायची गरज नसते. कटिंग ऑइलचा थेंब सतत, दर दोन मिमीला ड्रिल बाहेर काढून बुरा झटका. अंबड-सातपूरमध्ये जॉबवर्क करणाऱ्या कुठल्याही छोट्या शॉपमधला ड्रिल ऑपरेटर वीस बोल्ट तासाभरात करून देतो. चेन्नईच्या पिटमध्ये रात्री दहाला हे काम करायला गेलात तर सकाळचं प्रॅक्टिस गेलंच समजा. प्रत्येक बोल्टाचा एक भोक पाडलेला जोड डबीत ठेवा.

११. रेडिएटरमध्ये कूलंट का चालत नाही? आणि खालचं फेअरिंग कशासाठी?

नेहमीच्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. ते ट्रॅकवर सांडलं तर तेलासारखं निसरडं होतं आणि सहज सुकत नाही, मागच्या दहा जणांना पाडतं. म्हणून साधं पाणी, शक्यतो डिस्टिल्ड. निघण्यापूर्वी कूलंट काढून दोनदा पाण्याने धुवा, एकदा धुऊन हिरवा रंग राहतोच. पाण्यात गंजरोधक नसतं, म्हणून परत आल्यावर पुन्हा कूलंट भरायला विसरू नका.

खालचं फेअरिंग हे भांडं आहे. इंजिन फुटलं तर तेल त्यात साचावं, टायरखाली येऊ नये. त्याला असलेलं भोक कोरड्या रेसला बुचाने बंद आणि पावसाच्या रेसला उघडं. सायलेन्सर जवळ असेल तिथे फायबर जळतं, मधे उष्णतारोधक पत्रा लावा.

१२. नाशिकला झकास चालणारी गाडी चेन्नईला फटफटते किंवा गरम होते. का?

कार्बोरेटरची गाडी असेल तर उंचीमुळे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इरुंगट्टुकोट्टई जवळजवळ समुद्रपातळीवर. सारख्या तापमानाला खाली हवा सहा-सात टक्के दाट असते. चेन्नईची उष्णता आणि दमटपणा त्यातले काही टक्के खाऊन टाकतात, तरी उरलेला फरक इंजिनला कळतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रणावर गाडी थोडा वेळ तरतरीत वाटते, मग सरळ पट्ट्याच्या शेवटी ठोका येतो आणि पिस्टनला भोक पडतं.

उपाय: नाशिकला बसवलेल्या मेन जेटपेक्षा (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) एक आणि दोन नंबर मोठे, आणि एक नंबर लहान, असे तीन जेट सोबत ठेवा. पहिल्या प्रॅक्टिसला एक नंबर मोठा लावून जा. पूर्ण थ्रॉटलवर असताना क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करा, मागे कोणी नाही हे बघून आणि प्रॅक्टिसमध्येच, मग पिटमध्ये येऊन प्लग काढा. पांढराफटक, बारीक दाणे उठलेला म्हणजे अजून पातळ. फिका तपकिरी म्हणजे ठीक. काळा, काजळी धरलेला म्हणजे जाड. जाडवर वेग जातो, पातळवर इंजिन जातं, म्हणून शंका असेल तेव्हा जाडकडे झुका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक बराचसा सांभाळून घेतो.

१३. स्प्रॉकेट कोणते न्यावेत?

मागचे तीन: जो नेहमी लावता तो, त्याहून दोन दात मोठा आणि दोन दात लहान. पुढचा एक जास्तीचा. लक्षात ठेवायचं गणित असं की पुढे एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळपास तीन दात वाढवणं. १५-४३ (पुढे १५, मागे ४३ दात) ऐवजी १४-४३ लावलं तर गुणोत्तर २.८७ वरून ३.०७ होतं, म्हणजे १५-४६ इतकंच. बारीक बदल नेहमी मागे करा.

ओळखायचं कसं: सरळ पट्ट्यावर ब्रेक मारण्याच्या खुणेच्या बरंच आधी लिमिटर (आरपीएम आणखी वाढू न देणारी मर्यादा) लागत असेल तर मागचा लहान करा. शेवटपर्यंत आरपीएम चढतच नसेल तर मोठा करा. मद्रास सर्किटसाठी लांब गिअरिंग, कारीसाठी आखूड. स्प्रॉकेट बदलल्यावर चेन नव्याने ताणा आणि ती रायडर बसलेला असताना तपासा. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खाते.

१४. टायरमध्ये हवा किती ठेवायची?

क्लासचं टायर ठरलेलं असेल तर कंपनीचा माणूस पॅडॉकमध्ये (टीमच्या गाड्या ठेवायच्या आवारात) असतो, त्यालाच विचारा. तत्त्व मात्र सगळीकडे एकच: रस्त्यावरचा आकडा ट्रॅकवर जास्त होतो. टायर तापल्यावर हवा तीन ते पाच पीएसआय वाढते, त्यामुळे थंड असताना कमी भरायची आणि ट्रॅकवरून आल्या आल्या, अर्ध्या मिनिटात, मोजायची. दोन्ही आकडे वहीत लिहा, सोबत वेळ आणि ऊन की ढग. स्वतःचा एकच गेज वापरा. दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक सर्रास निघतो. नवं टायर पहिले दोन-तीन लॅप सांभाळून.

१५. गाडी चेन्नईला न्यायची कशी? खर्च कसा धरायचा?

तीन-चार रायडर मिळून पिकअप करणं सगळ्यात सोपं. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे पुणे, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत तो तुम्हाला थेट इरुंगट्टुकोट्टईला सोडतो. एका बाजूला सुमारे १,४०० किमी. जाऊन-येऊन २,८०० किमी, भरलेली पिकअप लिटरला १२ देत असेल तर २३५ लिटरच्या आसपास डिझेल. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा, टोल आणि दोन ड्रायव्हरचं जेवण मिळवा आणि रायडरच्या संख्येने भागा. एकट्याने ड्रायव्हिंग करून लगेच ट्रॅकवर उतरू नका, निदान एक रात्र झोप मिळेल असं निघा.

बांधताना चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन हँडलला नाही, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला. फोर्क अर्धाच दाबा, पूर्ण दाबून दोन दिवस ठेवला तर ऑइल सील गळू लागतात. चाकणपर्यंतच्या खड्ड्यांत पट्टे सैल होतातच, तिथे थांबून पुन्हा आवळा.

नंबर प्लेट काढलेली गाडी बघून कागलच्या सीमेवर चौकशी होऊ शकते. आरसी, काढलेली नंबर प्लेट, प्रवेश अर्जाची प्रत आणि लायसन्स ड्रायव्हरजवळ द्या. रेल्वेने पाठवायची तर पुण्याहून बुक करा. टाकी पूर्ण रिकामी, पॅकिंग आणि आरसीची प्रत लागते.

१६. वीकेंडचा क्रम काय असतो?

कागदपत्रं, गाडी आणि सूट-हेल्मेटची तपासणी, रायडर ब्रीफिंग, प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, मग शनिवारी-रविवारी रेस. ब्रीफिंग चुकवलं तर दंड किंवा त्याहून वाईट. ट्रान्सपॉन्डर घट्ट बसवा, तो पडला तर तुमचा टाइमच नोंदला जात नाही.

१६५ सीसीच्या गाडीला मद्रास सर्किटवर एका लॅपला दोन मिनिटांच्या थोडं वर लागतं आणि या क्लासच्या रेस सहसा सहा-आठ लॅपच्या. प्रॅक्टिस, क्वालिफाइंग आणि दोन रेस मिळून ट्रॅकवरचा वेळ तास-सव्वा तासाच्या पुढे जात नाही. २,८०० किमीचा प्रवास या एका तासासाठी आहे. त्यातला एकही मिनिट ढिला बोल्ट किंवा नसलेला स्पॅनर शोधण्यात जाऊ नये, म्हणून प्रश्न १० आणि ११ ची सगळी कामं घरी करायची.

१७. झेंडे कोणते पाठ हवेत?

सगळे, पण चुका दोनावर होतात. पिवळा: पुढे धोका आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद, हिरवा दिसेपर्यंत. प्रॅक्टिसमध्येही हेच. अनेक नवे रायडर रेसमध्ये पाळतात आणि प्रॅक्टिसमध्ये विसरतात. दुसरा, काळ्या कापडावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर: तुमच्या गाडीत बिघाड आहे, बहुधा तेल गळतंय. पिटपर्यंत रेसिंग लाइनवरून यायचं नाही, लगेच कडेला घेऊन ट्रॅक सोडायचा.

बाकीचे: पिवळे-लाल पट्टे म्हणजे पकड कमी, निळा म्हणजे लॅपने पुढे असलेला रायडर मागून येतोय, लाल म्हणजे रेस थांबली, सावकाश पिटमध्ये या. काळा आणि तुमचा नंबर म्हणजे तुम्हाला थांबवलं आहे.

१८. पडलो तर?

हँडल सोडा, गाडीला जाऊ द्या. पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. घसरत असताना आपण थांबलो असं वाटतं आणि उठायला गेलेला हात मोडतो. मग येणाऱ्या गाड्या बघून जवळच्या कडेला, मार्शलकडे (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभा असलेला अधिकारी). गाडी उचलायला ट्रॅकवर परत जायचं नाही. पुन्हा उतरण्याआधी डॉक्टरांची परवानगी आणि गाडीची पुन्हा तपासणी लागते. डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट संपलं, म्हणून शक्य असेल त्याने दुसरं सोबत ठेवावं.

१९. पाऊस आला तर रेस रद्द होते का?

सहसा नाही. विजा, पाणी साचणं किंवा डॉक्टर-अ‍ॅम्ब्युलन्सची अडचण असेल तरच थांबते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चेन्नईला संध्याकाळी वळिवासारखा पाऊस येतो आणि ऑक्टोबरपासून त्यांचा खरा पावसाळा. खालच्या फेअरिंगचं बूच काढा, हेल्मेटच्या काचेच्या आत पिनलॉक (वाफ धरू न देणारी आतली काच) लावा, ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर चाक घालू नका आणि थ्रॉटल आधी उघडून हळूहळू वाढवा. डर्टवरचा नाशिककर इथे चमकतो.

२०. ब्लॉक बोअर केला आहे, तरी गाडी १६५ च्या आत आहे. स्टॉकमध्ये चालेल?

आकडा मर्यादेत आहे एवढं पुरत नाही. समजा अपाचे आरटीआर १६० ४व्ही आहे: बोअर ६२ मिमी, स्ट्रोक ५२.९ मिमी, १५९.७ सीसी. अर्धा मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकला की १६२.३ सीसी, म्हणजे १६५ च्या आत. पण स्टॉकमध्ये नियम असा वाचायचा असतो की ज्याची परवानगी लिहिलेली नाही ते बंद. ओव्हरसाइझला परवानगी लिहिलेली नसेल तर पोडियमवरून खाली उतरवतील. तोच नियम गॅस्केटची जाडी, एअर फिल्टर काढणं आणि मॅपिंग यांना. रेसनंतर पुढचे रायडर पार्क फर्मेत, म्हणजे गाडीला हात न लावता ठेवायच्या बंद आवारात, थांबतात आणि इंजिन उघडायला सांगितलं जातं. नकार दिला तर निकाल रद्द. इंजिन उघडायला लागणारी हत्यारं, नवी गॅस्केट आणि मेकॅनिक तिथे हजर हवा.

२१. समोरच्याने चूक केली, तक्रार कशी करायची?

लेखी, शुल्कासह, वेळेत. प्राथमिक निकाल बोर्डावर लागल्यापासून सहसा अर्धा तास असतो, त्यामुळे रेस संपताच एक माणूस बोर्डाजवळ उभा ठेवा. तक्रारीत नियमाचा क्रमांक लिहा, "त्याने मला ढकललं" एवढं पुरत नाही. मार्शलशी किंवा समोरच्या टीमशी पिटमध्ये वाद घालू नका, त्याचा वेगळा दंड होतो.

२२. विम्यात हे धरलं जातं का?

गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर पडलेल्या गाडीचा क्लेम होत नाही. आरोग्य विम्यात धोकादायक खेळांबद्दलची प्रमाणित अट असते. तिच्यात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास मोटर रेसिंगमधल्या दुखापतीचा उपचार वगळला जातो. हौशी आणि व्यावसायिक यांतली रेघ तुमची कंपनी कुठे मारते ते लेखी विचारून घ्या. आयोजकांकडे किती रकमेचं अपघात संरक्षण आहे हे प्रवेश भरतानाच विचारा आणि आकडा घरच्यांना सांगा.

२३. ट्रॅकसाठी बदललेली गाडी परत रस्त्यावर चालवता येईल का?

मूळ अवस्थेत आणली तरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंद असलेल्या रचनेत बदल करून रस्त्यावर चालवणं बेकायदेशीर आहे, त्यात लाइट-आरसे नसणं वेगळंच. काढलेले सगळे भाग खोक्यात, बोल्टांच्या पिशव्यांवर नावं लिहून ठेवा. खरं सांगायचं तर रेसची गाडी रेसचीच ठेवा. ट्रॅकवर आपटलेली चेसिस रस्त्यावर कुणाला विकू नका.

२४. दोन राउंडमध्ये महिनाच असतो. गाडी तिकडेच ठेवली तर?

ओळखीचं, कुलूपबंद गराज असेल तर ठेवा, एका फेरीचं डिझेल वाचतं. पण समुद्राजवळची हवा खारट आणि दमट. टाकी आणि कार्बोरेटरचा बाउल रिकामा करा, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरतं आणि पायलट जेट चिकटतो. बॅटरी काढून सोबत आणा. चेनला ल्युब जाडसर, फोर्कच्या नळ्यांना तेलाचा हात. गाडी दोन्ही पॅडॉक स्टँडवर उचलून ठेवा, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्या बोळ्याला लाल फडकं बांधून टाकीवर सोडा, म्हणजे पुढच्या राउंडला तो तसाच आत राहणार नाही.